पाय वर आहेत, सर

मुंबईत परळजवळ हिंदमाताच्या सखल रस्त्यावर पाणी भरलं की लोक आधी आकाशाकडे बघतात, मग घड्याळाकडे, आणि मग कोणाला तरी शिव्या देतात. आमचे सर चपला काढायचे. चपला काढून, एकीत एक अडकवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्याच्या कडेला उभे राहायचे. कंबरेवर हात, मान किंचित तिरकी. देवळाच्या पायरीशी एखादा भाविक दर्शनाची रांग किती आहे ते बघतो ना, तसे.

हे सर शाळेतले नव्हेत. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे. त्या स्कूलमध्ये एक गाडी, तिच्या टपावर एक बोर्ड आणि आत एक सर एवढाच पसारा होता. आधी ते एका गिरणीची लॉरी चालवायचे. गिरणीला टाळं लागल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि लालबाग-परळच्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. शिकाऊ गाडीत असतात तशी त्यांच्या गाडीत डाव्या सीटपुढेही दोन पेडलं होती, क्लच आणि ब्रेक. शिकणारा गोंधळला की शेजारी बसलेल्या सरांनी आपल्या बाजूचं पेडल दाबायचं. दोन्ही बाजूंची पेडलं खालून लोखंडी दांड्यानं जोडलेली होती, त्यामुळे इकडचं दाबलं की तिकडचंही आपोआप खाली जायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण माझं पाप त्या दांड्याला लटकलेलं आहे.

मी बोलणारा माणूस नाही. एका कॉलेजच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढली, तिथे मला ‘बोनाफाईड’ म्हणतात. सर्टिफिकेट देताना तोंडातून निघालं तर तेवढंच निघतं म्हणून. त्यामुळे हे लिहायला एवढी वर्षं लागली.

गाडी शिकायला मी सदतिसाव्या वर्षी गेलो. लग्न ठरत नव्हतं, आणि मामाचं म्हणणं पडलं की स्थळाच्या माहितीत काहीतरी लिहायला हवं. “उंची लिहिण्यासारखी नाही, पगार लिहिण्यासारखा नाही. गाडी चालवता येते एवढं तरी लिहू,” मामा म्हणाला. गाडी नव्हतीच. पण चालवता येते असं लिहिल्यावर, गाडी असेल असं लोक आपणहून समजतील, हा मामाचा हिशेब.

पहिले आठ दिवस सरांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. घरी बोलावलं. चाळीतली दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात पायाचं शिलाई मशीन, शेजारी काकू. सर म्हणाले, “बस. चालव.”

“सर, मी गाडी शिकायला आलोय.”

“मग मी काय म्हणतोय? पाय बघायचाय तुझा. पाय ठेवायचा असतो, टाकायचा नसतो. आधी हे नीट चालव, मग ते.”

मी पायानं मशीन चालवायचो, काकू कापड पुढे सरकवायच्या, आणि सर खुर्चीत डोळे मिटून आवाज ऐकायचे. आवाज दचकला की त्यांची भुवई दचकायची. पुढे कळलं की सरांचे सगळेच विद्यार्थी या मशीनवरून गेले होते. परळमधल्या कितीतरी बायकांच्या ब्लाउजांची शिवण टॅक्सीवाल्यांच्या, कुरिअरवाल्यांच्या आणि एका पोलीस हवालदाराच्या पायांनी झालेली होती. काकूंची मतं पक्की असत. “ह्याचो पाय चांगलो हा, ह्याका लवकर पास करू नकात,” असं त्या एखाद्याबद्दल सरांना सांगायच्या. माझ्याबद्दल म्हणाल्या, “ह्या मेल्याक आजच गाडीवर घाला. माझी दोन अस्तरं वाकडी केल्यान.”

असा मी गाडीवर बढती मिळून गेलो.

सरांचं खरं शास्त्र म्हणजे पाणी. बाकी सिग्नल, पार्किंग, रिव्हर्स हे सगळं ते पोटापाण्यासाठी शिकवायचे, भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो तितक्याच आत्मीयतेनं. पाण्यातून गाडी काढणं हा विषय आला की त्यांचा आवाज खाली यायचा.

“माणसाचं नाक कुठे असतं?”

“पुढे, सर.”

“गाडीचं?”

“माहीत नाही, सर.”

“मागे. सायलेन्सर. नाकात पाणी गेलं की माणूस शिंकतो. गाडी शिंकत नाही, मरते. म्हणून पहिला गिअर, क्लच अर्धा, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. नाकातून सतत हवा बाहेर यायला पाहिजे. घाबरून पाय काढलास की संपलास. घाई करून पळवलीस तरी संपलास. गिअर बदललास तर माझ्या ओळखीतून संपलास.”

हे सगळं ते पावसाळ्याची वाट न बघता शिकवायचे. मे महिन्यात, भर सकाळी साडेसातला, हिंदमाताच्या सुक्या ठणठणीत रस्त्यावर सर म्हणायचे, “समज, पाणी आहे.” मग काचा खाली, पहिला गिअर, आणि आमची गाडी मुंगीच्या चालीनं निघायची. सर खिडकीतून खाली बघत सांगायचे, “आता पोटरीपर्यंत आलं. आता गुडघा. सांभाळ, इथे खड्डा आहे, दिसत नाही.” खड्डा स्वच्छ दिसत असायचा, पण बघायची परवानगी नव्हती. मागे बसगाड्यांची रांग लागायची, हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकदा एका बस ड्रायव्हरनं शेजारी येऊन विचारलं, “काय रे, आंघोळ घालतोस काय गाडीला?”

सर शांतपणे म्हणाले, “पाणी आहे.”

“कुठाय पाणी?”

“तू पुढे हो. तुला बुडायचं तर बूड.”

पाणी मोजायचंही त्यांचं स्वतःचं माप होतं. कोपऱ्यावर एक केळेवाला हातगाडी लावायचा, सडपातळ, उंच माणूस. ऊन असो, पाऊस असो, जागा सोडायचा नाही. पाणी त्याच्या घोट्याला असेल तर कोणीही जावं. पोटरीला असेल तर शिकलेल्यानं जावं. गुडघ्याला असेल तर फक्त सरांनी जावं. मांडीला लागलं तर सरांनी चहा प्यावा. एका जुलैमध्ये केळेवाला आईच्या आजारपणासाठी गावी गेला आणि त्याच्या जागी त्याचा बुटका मेव्हणा उभा राहिला. सर तीन दिवस बेचैन होते. “माप गावाला गेलंय,” म्हणायचे, “ह्याच्या गुडघ्यावर काय विश्वास ठेवायचा?”

पाणी भरलं की दोन्ही काठांवर गाड्या थांबायच्या आणि लोक सरांना शोधत यायचे. सर अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचे, अनवाणी, मालकाला मागच्या सीटवर घालून. बॉनेट उघडून कुठे दुधाची रिकामी पिशवी गुंडाळायची, कुठला पट्टा सैल करायचा हे त्यांना पाठ होतं. मग पलीकडे नेऊन सोडायचे आणि दुसऱ्याची गाडी घेऊन अलीकडे यायचे. नावाडीच. घ्यायचे काही नाहीत, फक्त चहा, तोही पलीकडच्या काठावरचा. “पोचल्याशिवाय चहा नाही.” एकदा एक मोठे सर्जन मागे बसून मोठमोठ्यानं फोनवर बोलत होते. सर मान न वळवता म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही पोट उघडलेलं असताना मी कधी येऊन तुमच्या कानाशी बोललोय का?” डॉक्टरांनी फोन ठेवला. पलीकडे उतरल्यावर त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला, असं केळेवाला सांगायचा. नुसती मान हलवली असेल. पण गुडघाभर पाण्यात मान हलवली तरी ती नमस्कारासारखी दिसते.

बत्तीस पावसाळ्यांत सरांच्या हाताखाली गाडी पाण्यात बंद पडली नव्हती. ही गोष्ट ते बढाईनं सांगत नसत. आपण आपला रक्तगट सांगतो तशी सांगायचे.

आता माझ्याकडे येतो.

मामाची युक्ती लागू पडली. लग्न ठरलं. चातुर्मासाच्या आधीचा शेवटचा मुहूर्त, सकाळी अकरा बेचाळीस, हॉल दादरचा, आम्ही लालबागला. लायसन्स मला मिळालं होतं, पण सरांनी ते पाहून एवढंच म्हटलं होतं, “दिलं का? दयाळू माणूस असेल.” लग्नाची सजवलेली गाडी ठरली होती. तिच्या ड्रायव्हरनं सकाळी नऊला फोन केला की पाणी भरलंय, मी येणार नाही. आई रडायला लागली. मामा म्हणाला, “वरात चालत नेऊ. पूर्वी चालतच जायचे.” खाली धो धो कोसळत होतं. तेवढ्यात चाळीच्या दाराशी हॉर्न वाजला. सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड, त्या बोर्डाला झेंडूचा हार, आणि मागच्या काचेवरचं लाल ‘L’ तसंच.

“बस, नवरदेव,” सर म्हणाले. “पुढे बस. आज तुझा मान.”

आई आणि मामा मागे बसले. आईच्या मांडीवर ताट, मामाच्या हातात नारळ. मी पुढे, डाव्या सीटवर. पीतांबर, उपरणं, डोक्याला मुंडावळ्या. परळच्या पुलावर गाड्या चिकटून उभ्या होत्या. मामा म्हणाला, “सर, पुलावर लावू ना रांगेत. हळूहळू सरकेल.”

“मुहूर्त सरकणार आहे का?” सर म्हणाले आणि त्यांनी गाडी खालून घेतली.

हिंदमाताच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली, उतरले, बॉनेट उघडून आपली पूजा केली, चपला काढून सीटखाली ठेवल्या आणि केळेवाल्याकडे पाहिलं. पाणी त्याच्या गुडघ्याच्या जरा वर होतं. जरासंच.

“गुडघाच आहे,” सर म्हणाले.

“सर, मांडी आहे ती,” मामा म्हणाला.

“मामा, त्या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. तुम्ही मला त्याचा गुडघा दाखवू नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाय वर घे. मांडी घालून बस. खालून पाणी आत येईल. आणि तुझ्या पुढ्यात पेडलं आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. कळलं?”

“हो, सर.”

“आता सगळ्यांनी तोंडं मिटा. श्वास नाकानं.”

“मी लग्नाला आलोय का प्राणायामाला?” मामा पुटपुटला, पण त्यानंही तोंड मिटलं.

आम्ही पाण्यात शिरलो. आणि खरं सांगतो, ते सुंदर होतं. इंजिनाचा आवाज एका सुरात, काकूंच्या मशीनसारखा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी पाणी शांतपणे बाजूला होत होतं. सरांचा चेहरा झोपलेल्या मुलासारखा झाला होता. सीटखालून त्यांच्या चपला तरंगत माझ्या बाजूला आल्या. आजूबाजूला मोठमोठ्या गाड्या मरून पडलेल्या, त्यांचे मालक टपावर बसलेले, आणि त्यांच्यामधून झेंडूचा हार घातलेली शिकाऊ गाडी चाललेली. एका टपावरून कोणीतरी ओरडलं, “बच्चा चला रहा है क्या?” सरांची नजर पाण्यावरच.

मधोमध पोचलो, आणि समोरून बस आली.

बसनं काही वाईट केलं नाही, ती तिच्या बाजूनं चालली होती. पण तिनं लाट आणली. ती लाट बॉनेटवर चढली, काचेवर आली, आणि क्षणभर समोर पिवळ्या पाण्याशिवाय काही दिसेना. आई “अगो बाय” म्हणाली. तीन महिने सरांनी माझ्या कानीकपाळी एकच ओरडून ठेवलं होतं: रस्त्यात गोंधळलास की आधी क्लच! पाण्यात नेमकं उलटं असतं हेही त्यांनी सांगितलं होतं. ते डोक्यात गेलं होतं, पायात पोचलं नव्हतं. माझा डावा पाय मांडीतून सुटला, तरंगत्या चपलांमधून खाली गेला आणि त्यानं क्लच दाबला. पूर्ण.

इंजिन किंचाळलं. गाडी जागच्या जागी थबकली. इंजिन किंचाळलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा ही सरांची जन्माची सवय. त्यांचा पाय सुटला. मागून गुडगुड असा आवाज आला, मग एक ढेकर आला, आणि मग काहीच नाही. नुसता पाऊस.

तेवढ्यात मी पाय वर घेतला होता.

सर समोर बघत नव्हते. ते स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होते. त्यांच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं होतं आणि पाय त्याच्याबरोबर गेला होता; पाण्याखाली कोण कोणाला घेऊन गेलं ते त्यांना कसं कळणार?

मान न उचलता त्यांनी विचारलं, “तुझे पाय कुठे होते रे?”

मी म्हणालो, “पाय वर आहेत, सर.”

आणि ते होते. त्या क्षणी ते वरच होते. हे मी स्वतःला पुढे चौदा वर्षं सांगत आलो.

मला केळेवाल्यानं नेलं. हातगाडीवर केळ्यांच्या दोन घडांच्या मध्ये मी उभा, डोक्यावर त्याची निळी प्लास्टिकची ताडपत्री, एका बाजूनं तो ढकलतोय, दुसऱ्या बाजूनं मामा, आणि मागून आई डोक्यावर ताट घेऊन मांडीभर पाण्यातून. टपांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुहूर्त चार मिनिटांनी चुकला, तो गुरुजींनी मंगलाष्टकं पळवून भरून काढला. अंतरपाट खाली आल्यावर माझ्या बायकोचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, “तुला केळ्यांचा वास येतोय.”

सर लग्नाला आले नाहीत. ते गाडीत बसून राहिले. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हाही बसलेलेच होते, असं केळेवाल्यानं सांगितलं.

दोन दिवसांनी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दारातच सर उठले आणि त्यांनी मला हात जोडले. मला! म्हणाले, “तुझ्या लग्नात माझ्या पायानं घोळ घातला रे. मी दाबला नाही, तो गेला. पाय गेला माझा. माफ कर बाबा.”

मी म्हणालो, “असू दे, सर.”

मी त्यांना माफ केलं.

त्यांनी टपावरचा बोर्ड उतरवला. ज्या पायाचा भरवसा नाही तो दुसऱ्यांच्या पोरांना काय शिकवणार, असं म्हणाले. पाणी भरलं की लोक अजून त्यांना बोलवायला यायचे, सर खिडकीतून नाही म्हणायचे. मग हळूहळू यायचे बंद झाले. मी दरवर्षी ठरवायचो, या पावसाळ्यात सांगायचं. पावसाळा संपला की म्हणायचो, आता पाणी उतरलं, विषय कशाला काढा. पुढे मी गाडी घेतली, ऑटोमॅटिक. लोकांना वाटतं सोय म्हणून. मला क्लच बघवत नाही.

यंदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायको जुने फोटो बघत हसत होती, आणि मी बोलून गेलो. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एक सांग. पाण्याला घाबरून दाबलास की मला?”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मुहूर्ताला पंचवीस मिनिटं राहिली होती आणि ती गाडी फार व्यवस्थित चालली होती, एवढं मात्र आठवतं. मी म्हटलं, “पाण्याला.” तिनं अल्बम मिटला. “उद्या सरांकडे जा,” म्हणाली. “आणि तिकडे तरी खरं बोल.”

सर आता दादरजवळच्या नायगावला नव्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. हातात काठी, डावा पाय ओढत. मी विचारलं, “काय झालं, सर?”

आतून काकू म्हणाल्या, “काय व्हतला? तीन डॉक्टर झाले. सगळे सांगतत पाय बरो हा. ह्येंचा म्हणणा, पाय ऐकणा नाय. रस्तो एकट्यान ओलांडणत नाय.”

“भरवसा नाही राहिला,” सर म्हणाले. “कधी खाली जाईल सांगता येत नाही.”

बसलो. पाणी प्यायलो. दुसरं पाणी प्यायलो. मग एका दमात सांगून टाकलं. पाय माझा होता, सर. मांडीतून सुटला. क्लच मी दाबला. तुम्ही विचारलंत तोवर परत वर घेतला होता.

सर चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आली ती चौकशी.

“टाचेनं की चवड्यानं?”

“चवड्यानं, सर.”

“अर्धा?”

“पूर्ण, सर. तळाला.”

“आणि सोडलास कसा? सावकाश की फाडकन?”

“फाडकन.”

“बरोबर,” सर म्हणाले. “बरोबर! मी चौदा वर्षं हेच म्हणतोय. माझा पाय जाईल, पण इतक्या गावठी पद्धतीनं नाही जाणार.” त्यांनी काठी उचलली. मला वाटलं, आता बसते पाठीत. मी पाठ तयारही ठेवली होती. त्यांनी ती दाराआड छत्र्यांमध्ये उभी करून ठेवली. मग खुर्चीवर बसले, वाकले, डाव्या पायावरून हात फिरवला आणि त्या पायाला म्हणाले, “सॉरी रे. फुकट शिव्या खाल्ल्यास.”

माझ्या वाट्याच्या शिवीची मी वाट बघत होतो. शेवटी मीच म्हटलं, “सर, माझ्यामुळे तुमची चौदा वर्षं...”

“हो, ते आहेच,” सर म्हणाले. “पण आत्ता मला वेळ नाही. अगो, ऐकलंस का?” आणि ते ताडताड चालत स्वयंपाकघरात गेले. “पाय चांगला आहे! पाय पहिल्यासारखा आहे! माझी जुनी अर्धी चड्डी कुठे ठेवलीस? पाऊस कधीचा सांगितलाय?”

काकू मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. एवढा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर अस्तरं वाकडी झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

“अठ्ठ्याहत्तर वर्षांचो माणूस हा तो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चौदा पावसाळे मी घरात निवांत बसलंय. खिडकीत उभा नाय रवाक लागला की कधी येतलो, येतलो की नाय. तुझ्यामुळे. तुका मनात आशीर्वाद देत होतंय मी, ‘पाय गेलो तो बरो गेलो’ म्हणान. इतकी वर्षां गप होतस ना रे मेल्या? मग आणखी थोडी गप रवाक काय झाला?”

लिफ्ट आली. मी आत शिरलो. काकूंनी दार हातानं अडवून धरलं.

“आता निस्तर तूच,” म्हणाल्या आणि दार सोडलं.

त्यानंतरच्या मंगळवारी पहाटेपासून कोसळलं. कॉलेजला सुट्टी दिली, गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी परत निघालो आणि हिंदमाताला अडकलो. बूट पिशवीत, पिशवी गळ्यात, पाणी माझ्या गुडघ्याच्या वर. दोन्ही काठांवर गाड्यांच्या रांगा. एक माणूस बॉनेटवर चढून फोनवर कोणाला तरी रडकुंडीला येऊन सांगत होता की त्याला पलीकडे जायचंय. फोन वाजला. सर.

“कुठे आहेस?”

“हिंदमाताला, सर.”

“वा! बघ, मला इथून काही दिसत नाही, समोर नुसती दुसऱ्या टॉवरची स्वयंपाकघरं. मी तयार होऊन बसलोय. ही म्हणते पाणी नाहीच. पाणी किती आहे?”

मागे काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला. मग तोही थांबला. त्या ऐकत होत्या.

शेजारून एक ट्रक गेला. लाट आली ती थेट माझ्या पोटावर. मी तोल सावरला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “पाणी नाही, सर. कोरडं आहे.”

“कोरडं?”

“अगदी. धूळ उडतेय.”

फोनमधून सरांचा श्वास ऐकू येत होता, नाकानं घेतलेला. मग ते खुर्चीत मागे टेकल्याचा आवाज आला.

“बरं,” सर म्हणाले. “मग दुभाजकाला धरून चाल. पाऊल उचलू नकोस, सरकव. आणि त्या बाजूनं ट्रक आला की पाठ करून उभा राहत जा. धूळ तोंडावर येते.”